तेरा महिन्यांचे वर्ष

हे लिहिण्याचा मला फारसा अधिकार नाही, हे आधीच कबूल करतो. आमच्या घराण्यात माझ्या आधी कोणी कागदावर काही उमटवले असेल तर तो डाव्या हाताचा अंगठा. कॉलेजात आलो तरी निबंधाचे पहिले वाक्य मी अजून चार वेळा खोडतो. हेही खोडले होते. पण ज्यांच्याविषयी लिहायचे आहे त्यांच्याविषयी दुसरे कोणी लिहील असे दिसत नाही. त्यांना ओळखणारे बहुतेक लोक त्यांना टाळतच असत. तेव्हा माझे चुकले असेल तेवढे वाचकांनी सांभाळून घ्यावे.

सोलापुरात हायस्कुलात असताना तीन वर्षे मी त्यांच्या घरी, ओसरीलगतच्या खोलीत भाड्याने राहत होतो. सगळी पेठ त्यांना मुदतकाका म्हणे. तोंडावर नुसते काका. एका नामांकित वकिलांकडे त्यांनी पस्तीस वर्षे कारकुनी केली होती. कोणता दावा किती दिवसांच्या आत लावला पाहिजे आणि केव्हा तो बाद होतो, हे सांगणारा मुदतीचा कायदा त्यांना रामरक्षेसारखा पाठ होता. वकीलसाहेब वारले, चिरंजीवांनी वकिली चालवायला घेतली आणि काका घरी बसले. मग तो कायदा त्यांनी घरात लागू केला.

मला खोली बघून द्यायला मोहोळकडच्या आमच्या गावाहून वडील आले होते. काकांनी त्यांना ओसरीवर बसवले, पाणी दिले आणि विचारले, "खोलीबद्दल तक्रार करायची असेल तर किती दिवसांत करणार?"

वडील गोंधळले. "आमची कसली तक्रार, रावसाहेब? पोराला डोईवर छप्पर हाय, लई झालं की."

"आज नसेल. पुढं होईल. तक्रार उद्भवल्यापासून आठ दिवस. नवव्या दिवशी ऐकून घेणार नाही."

"व्हय, व्हय," वडील म्हणाले, आणि बाहेर आल्यावर मला हळूच म्हणाले, "माणूस बरा दिसतोय. पण तू आपला काय तक्रारच करू नगंस."

मी केलीही नाही. पहिल्या पावसाळ्यात माळवद माझ्या अंथरुणावर गळू लागले, तेव्हा मी अंथरूण सरकवले. मग पुन्हा सरकवले. असे करत मी दाराशी आलो आणि दिवाळीच्या सुमारास एकदा भीतभीत बोललो. काकांनी विचारले, "पहिला थेंब कधी पडला?" मी म्हणालो, "श्रावणात." त्यांनी खिन्नपणे मान हलवली. "मुदत गेली, विद्यार्थी. फार वाईट वाटतं, पण गेली." ते मला कधी नावाने हाक मारीत नसत. त्याच दुपारी एक गडी माळवदावर चढून पांढरी माती पसरताना दिसला. मी आभार मानायला गेलो तर काका रागावले. "तुमच्या तक्रारीवरून नाही! ती फेटाळलेली आहे. मला आपण होऊन वाटलं म्हणून माती टाकतोय."

काकूंना या कायद्याचा जाच होत असेल असे मला आधी वाटे. पण त्या त्यांच्या वरताण होत्या. आमटीबद्दलची तक्रार पहिला भात संपायच्या आत झाली पाहिजे, असा त्या घरातला नियम होता आणि तो काकांनीच केलेला होता. एकदा ताकभातावर आल्यावर काकांच्या लक्षात आले की आमटीत मीठच नव्हते. त्यांनी नुसते "अगं" म्हटले, तोच स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला, "मुदत गेली!" काका माझ्याकडे वळून अभिमानाने म्हणाले, "निकाल बरोबर आहे."

कोणाचे काही वाईट झाल्याचे कळले की लोक 'अरेरे' म्हणतात. काका "कधी?" म्हणत. शेजाऱ्याला कुत्रे चावले, "कधी?" तालमीची भिंत कोणाच्या अंगावर पडली, "तारीख सांगा." समाचाराला गेले तरी तेच. एका घरी वृद्ध गृहस्थ वारले होते, मुलगा रडत होता. काका त्याच्या पाठीवर हात ठेवून हलक्या आवाजात म्हणाले, "तारीख नीट लिहून ठेव बाळ. पुढं घोळ होतात." लोकांना हे विचित्र वाटे. मलाही वाटे. पण त्यांचे एक म्हणणे होते ते मी माझ्या वहीत उतरून ठेवले आहे : "दुःख सवडीनं विसरावं, तारीख विसरू नये."

हे वेड त्यांना कशामुळे लागले असे एकदा मी धीर करून विचारले. ते म्हणाले, "कारण सांगायची मुदत केव्हाच संपली." पुढे मी विचारले नाही.

त्या संपूर्ण कायद्यात त्यांना एकच कलम नावडते होते : कलम चार. मुदतीचा शेवटचा दिवस कोर्ट बंद असताना आला, तर कोर्ट पुन्हा उघडेल त्या दिवशी दावा लावता येतो, एवढेच ते सांगते. मला ते कलम दयाळू वाटले होते. काकांनी नाक मुरडले. "आळशांचं कलम आहे ते! पस्तीस वर्षांत माझ्या हातून एकही दावा शेवटच्या आठवड्यात गेलेला नाही. मला कलम चारची पायरी चढावी लागली नाही." एखाद्या बदनाम घराविषयी बोलावे तसे ते बोलत.

घरात दोन भिंतींवर दोन कालगणना टांगलेल्या असत. काकांच्या भिंतीवर रोज एक पान फाडायचे इंग्रजी कॅलेंडर. काकूंच्या भिंतीवर खिळ्याला दोऱ्याने अडकवलेले पंचांग. काकूंची एकादशी काकांना माहीत नसे आणि काकांची तारीख काकूंना. हे सांगायचे कारण म्हणजे पुढचा सगळा प्रसंग या दोन भिंतींमध्ये घडला.

मी मॅट्रिकची परीक्षा दिली होती. निकालाचे वर्तमानपत्र गावी उशिरा पोचते म्हणून सोलापुरातच थांबलो होतो. ऊन असे की दुपारी पेठेत माणूस दिसत नसे. अशा एका दुपारी एक माणूस ओसरीवर येऊन उभा राहिला. तिशीचा असेल. उजवा हात त्याने धोतराच्या सोग्यात झाकला होता.

"मुदतकाका हितंच राहतात काय?"

त्याचे नाव नरसय्या. हातमागावर लुगडी विणणारा तेलंगी विणकर. घरात तेलुगू बोलणारा, पण मराठी आपल्या सोलापूरची. काकांनी त्याला बसवले. तो बोलायच्या आधीच त्यांनी विचारले, "कधी?"

"गेल्या साली अक्षय्य तृतीयेला."

मग त्याने हात बाहेर काढला. चारही बोटे तळव्याकडे वळून घट्ट झाली होती, पक्ष्याच्या पायासारखी. सुताचे गठ्ठे घेऊन जिन्यावरून उतरताना तो पडला होता आणि हात मनगटाच्या वर मोडला होता. गावातल्या एका डॉक्टरांनी कामट्या लावून कंपाउंडरकडून पट्टी बांधवली. ती इतकी आवळून बांधली की तिसऱ्या दिवशी बोटे काळीनिळी पडली.

"मी गेलो की दाखवायला. म्हटलं, डॉक्टरसाहेब, बोटं मेल्यासारखी वाटतात. त्यांनी पट्टीला हातबी लावला नाही. म्हणाले, चालायचंच, पंधरा दिवसांनी ये. पंधरा दिवसांनी सोडली, तर हे असं. म्हणाले, वर्षभर तेल चोळ, मग बघू. चोळलं. रोज चोळलं."

"आणि आता काय म्हणतात?"

"आता म्हणतात, यानंच मधी पट्टी सोडून परत बांधली, त्यानं हात गेला. सगळ्या गल्लीत तेच झालंय, काका. कारखानदार म्हणतो, आपल्या हातानं आपला हात घालवलास. बायकोबी कवा कवा बघती माझ्याकडं. मी गाठीला बोट लावलं नाही हो. मागावर धोटा तर आता फेकता येत नाही, ते जाऊ द्या. पण मी सोडली नाही, हे कुणीतरी म्हणायला पायजे."

वर्षाच्या आत दावा लावला पाहिजे असे त्याला कोर्टाजवळच्या एका अर्ज लिहिणाऱ्याने सांगितले होते. तो दिवस मोजत होता. "परवा अक्षय्य तृतीया," तो म्हणाला. "दोन दिवस हायत अजून." वेळेवर आल्याचे थोडे समाधानच होते त्याच्या तोंडावर.

काका उठले, कॅलेंडरापाशी गेले आणि तिथेच उभे राहिले. बराच वेळ त्यांची पाठ आमच्याकडे होती. मग ते म्हणाले, "गेल्या वर्षीची अक्षय्य तृतीया एप्रिलात होती. यंदा मे महिन्यात कशी?"

आतून काकू म्हणाल्या, "अधिक आषाढ नव्हता का मध्ये! तेहतीस अनारसे केले जावयाला. तुम्हीच चार खाल्लेत चोरून."

नरसय्याच्या वर्षाला तेरा महिने होते. सरकारच्या वर्षाला अधिक महिना नसतो. सरकारच्या हिशेबाने त्याचे वर्ष सोळा-सतरा दिवसांपूर्वीच भरून गेले होते.

"मुदत गेली," काका म्हणाले. हे शब्द मी त्यांच्या तोंडून शेकडो वेळा ऐकले होते, पण या वेळी ते त्यांनी कॅलेंडरकडे पाहतच म्हटले. नरसय्याला आधी समजलेच नाही. "पण वर्ष व्हायचंय की अजून," तो म्हणत राहिला. "परवा वर्ष होतंय की." काकांनी त्याला दोनदा समजावले. तिसऱ्यांदा त्यांना समजावता आले नाही. नरसय्याने हात पुन्हा सोग्यात झाकला, नमस्कार केला आणि तो गेला.

दोन दिवस काकांनी कॅलेंडरचे पान फाडले नाही. जेवताना आमटीबद्दल, भाताबद्दल काही बोलले नाहीत. ओसरीवर येरझाऱ्या घालत आणि मध्येच म्हणत, "रोज तेल चोळलं त्यानं." अक्षय्य तृतीयेच्या दिवशी सणाचा स्वयंपाक करता करता काकूंचा संयम सुटला.

"ऐकलं का, जरा बाहेर तरी जाऊन या! घरात बसून माझं डोकं खाताय सकाळपासून."

"कुठं जाऊ? कोर्टाला सुट्टी आहे."

"ती काय आजची आहे? महिना झाला, ते कोर्ट बंद आणि तुम्ही माझ्या पायात."

काका थांबले. इतके एकदम थांबले की मी खोलीतून बाहेर आलो. "महिना झाला?" ते म्हणाले. मग कॅलेंडरखालच्या रद्दीतून फाडलेली पाने काढून ते जमिनीवर मांडू लागले. गुडघ्यांवर बसून, एकामागून एक. उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी कोर्ट बंद झाले ते पान सापडले. नरसय्याचे वर्ष भरले ते पान सापडले. कोर्टाचे पान आधीचे होते. चार दिवसांनी.

"कलम चार," ते म्हणाले. मग मोठ्याने, "विद्यार्थी! कलम चार!"

"आळशांचं?" मी विचारले. खरोखर मला टोमणा मारायचा नव्हता.

"हो हो, आळशांचं! जा, त्याला बोलावून आणा. आणि अगं, श्रीखंड ठेव त्याच्यासाठी."

आता एकच दिवस हातात होता : जूनमध्ये कोर्ट उघडेल तो दिवस. आदल्या दिवशी कोर्ट बंद, दुसऱ्या दिवशी मुदत बाद. चिरंजीव वकिलांनी फिर्याद वाचून सही केली, पण "काका, फार बारीक दोऱ्यावरून चाललाय," असे म्हणाले. काका म्हणाले, "विणकराचा दावा आहे. बारीक दोऱ्यावरूनच जायचा."

कोर्ट उघडायच्या दिवशी आम्ही तिघे सकाळी सातलाच पायऱ्यांवर जाऊन बसलो. काकांनी ठेवणीतली पगडी घातली होती. पट्टेवाला झाडू मारत होता. त्याने आमच्याभोवतीने झाडले. अकराच्या सुमारास फिर्यादी घेणारे शिरस्तेदार येऊन बसले. मंडळी एकमेकांना सुट्टी कशी गेली विचारत होती. कोणी आंबे आणले होते.

काकांनी फिर्याद पुढे केली.

"काका! अजून हयात!" शिरस्तेदार हसले. "आज कसलं काम? आज धूळ झटकायची. उद्या या."

"उद्या येतो. तारीख आजची घाला."

"ते कसं होईल?"

"मग आजच घ्या."

"अहो, शिक्क्याची शाई वाळलीय दीड महिन्यात."

काकांनी कोटाच्या खिशातून शाईची पुडी काढून टेबलावर ठेवली. पाण्याची फिरकीची लोटीही बरोबर आणली होती. ती मला काढायला सांगितली. शिरस्तेदारांचे हसू थोडे कमी झाले.

"एक दिवसानं काय आभाळ कोसळतंय?"

"याच्यावर कोसळतं," काका म्हणाले आणि नरसय्याकडे बोट केले.

"उद्या. अगदी पहिली तुमची घेतो. शब्द देतो."

तेव्हा काकांनी डोक्यावरची पगडी काढली आणि शिरस्तेदारांच्या उघड्या रजिस्टरवर ठेवली.

वयोवृद्ध माणसाने आपल्यापुढे पगडी उतरवावी म्हणजे काय, हे ज्याला मराठी मुलखात राहायचे आहे त्याला सांगावे लागत नाही. शिरस्तेदार उठून उभे राहिले. "काका, काय हे! उचला, उचला ती."

"माझ्या हातानं नाही उचलणार. शिक्का मारा, मग उचलतो."

शिरस्तेदारांना पगडीला हात लावायचे धाडस होईना, आणि तिच्याखालचे रजिस्टर निघेना. मागे लोक जमू लागले. एक जण पाठीमागून विचारत होता, "कोण वारलं?" पट्टेवाला झाडू घेऊन आला आणि पगडी पाहून झाडू मागे लपवून उभा राहिला. काकांचे टक्कल घामाने चमकत होते. त्यांना उघड्या डोक्याने मी पहिल्यांदाच पाहत होतो. ते एकदम लहान दिसू लागले. नरसय्या घाबरून म्हणाला, "काका, जाऊ द्या. माझ्यापायी नको."

"गप बस," काका म्हणाले. "तुझं वर्ष आहे हे."

शिरस्तेदारांनी कपाळावर हात मारून घेतला, पुडी फोडली आणि शाई कालवली. शिक्का पडला. काकांनी चष्मा लावून तारीख वाचली, मग मला वाचायला लावली, मग शिरस्तेदारांनाच वाचायला लावली. त्यानंतरच पगडी उचलली.

पुढे मी पास झालो आणि पुण्याला कॉलेजात आलो. काका मला कार्डे पाठवीत. त्यांत ख्यालीखुशाली नसे. 'तारीख पडली.' 'पुन्हा पडली.' डॉक्टरांच्या वकिलांनी पहिला मुद्दा अर्थातच मुदतीचा काढला होता. त्याच्या निकालाचे कार्ड आले : 'सबजज्जांनी दावा मुदतीत धरला. कलम चार चालले. आजवर या कलमास नावे ठेवली ती परत घेतली आहेत.'

दुसरे वर्ष उजाडल्यावर आणखी एक, बारीक अक्षरात, कडेपर्यंत लिहिलेले : 'आज डॉक्टरांच्या कंपाउंडरची उलटतपासणी झाली. पंधराव्या दिवशी पट्टी कोणी सोडली? म्हणाला, मी. गाठ कोणाची होती? म्हणाला, माझीच, मी तशी गाठ मारतो, दुसऱ्या कोणास येत नाही. मध्ये कोणी सोडली असती तर तीच गाठ असती काय? त्याने डॉक्टरांकडे पाहिले. मग म्हणाला, नसती. नरसय्या कोर्टात खाली बसला. त्यास पाणी दिले.'

निकाल नरसय्याच्या बाजूने झाला. मी लगेच अभिनंदनाचे पत्र लिहिले. उलट टपाली काकांची कानउघाडणी आली : 'घाई करू नये. अपिलास तीस दिवस आहेत, शिवाय निकालाची नक्कल मिळण्यास लागतील ते दिवस वेगळे. नरसय्या पेढे आणणार होता, त्यास थांबवले आहे. गल्लीतही अवाक्षर बोलू नकोस म्हणून सांगितले आहे.'

त्यानंतर कार्ड आले नाही. मी मधल्या काळात खोली बदलली होती, परीक्षाही होती. काकांना पत्ता कळवायचे राहून गेले, ही चूक माझी. जुन्या खोलीवर पडून राहिलेले कार्ड मला पुष्कळ दिवसांनी मिळाले. ते काकूंचे होते. त्यांचे अक्षर मी आधी कधी पाहिले नव्हते. जसे आहे तसे देतो :

'चि. विद्यार्थी यांस आशीर्वाद. तुमचे काका गेले त्यास आज पंचवीस दिवस झाले. चार दिवस ताप होता. वैद्यांना विचारीत होते, कोणत्या तारखेस उतरेल. नरसय्या रोज येऊन बसे. काका गेल्यावरही त्याने अपिलाचे दिवस पुरे होईपर्यंत गल्लीत कोणास काही सांगितले नाही. परवा अपिलाचा दिवस संपला. कोणी अपील केले नाही, असे तो स्वतः कोर्टात विचारून आला. मग निकालाची नक्कल घेऊन घरोघर गेला आणि वाचता येणाऱ्याकडून ती वाचवून घेतली. कारखानदाराच्या दारातही वाचवली. काल इकडे पेढे घेऊन आला होता. उजव्या हातात पुडा धरवत नाही म्हणून डाव्या हाताने पुढे केला, आणि डाव्या हाताने देतो म्हणून माझी माफी मागत होता. मी म्हटले, दे. आणि घेतला.'